छेत्रीनंतरचा संघ आणि नऊ नंबरची जागा

१८ नोव्हेंबर २०२४. हैदराबादच्या गचिबावली मैदानावर मलेशियाविरुद्ध भारताचा फुटबॉल संघ एका गोलने मागे होता. मध्यंतर जवळ आलेलं असताना कॉर्नरवरून चेंडू गोलसमोर आला, राहुल भेके गर्दीतून वर उठला आणि त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. बरोबरी झाली आणि सामनाही १-१ असाच सुटला. चार महिन्यांनी शिलाँगला मालदीवविरुद्ध भारताचा पहिला गोल पुन्हा भेकेचाच. ऑगस्ट २०२५ मध्ये ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर २-१ असं हरवलं, तेव्हा गोल केले अन्वर अली आणि संदेश झिंगन यांनी. भेके मुंबईचा, म्हणून त्याच्या गोलचा मला जरा जास्तच आनंद झाला होता. पण तो, अन्वर आणि झिंगन हे तिघेही बचावपटू आहेत.

बचावपटूंनी गोल करणं वावगं नाही. कॉर्नरला उंच गडी पुढे जातात, ते जगभर चालतं. मात्र गोलची गरज पडली की डोळे आपोआप बचाव फळीकडे वळायला लागले, तर त्या संघाच्या आघाडीचं काय झालंय हे विचारावंच लागतं.

या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांच्या तोंडी तयार असतं. गोल करणारा आपला स्ट्रायकर सुनील छेत्री निवृत्त झाला, म्हणून. ६ जून २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये कुवेतविरुद्ध तो निरोपाचा सामना खेळला. सामना गोलशून्य सुटला. त्याच्या नावावर तेव्हा १५१ सामन्यांत ९४ गोल होते आणि खेळत असलेल्या खेळाडूंमध्ये देशासाठी त्याच्याहून जास्त गोल फक्त रोनाल्डो आणि मेस्सीचे होते. एवढा माणूस गेल्यावर संघ कोलमडणारच, आता पुढचा छेत्री मिळेपर्यंत वाट पाहायची, असं हे उत्तर सांगतं. छेत्रीवर माझंही प्रेम आहे. तरी हे उत्तर मला मान्य नाही, कारण ते खोट्या जागी बोट ठेवतं आणि ज्यांनी काही करायला हवं होतं त्यांना मोकळं सोडतं.

२०२४ चं वर्ष नीट उलगडून पाहा. भारतीय पुरुष संघ त्या वर्षी ११ सामने खेळला, एकही जिंकला नाही आणि एकूण ४ गोल करू शकला. यातले पहिले सहा सामने छेत्री असतानाचे आहेत. जानेवारीत कतारमधल्या आशियाई चषकात ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. मार्चमध्ये अफगाणिस्तानशी एक गोलशून्य बरोबरी आणि गुवाहाटीत, छेत्रीच्या दीडशेव्या सामन्यात, १-२ अशी हार. मग कुवेत. सहा सामन्यांत एक गोल, तोही छेत्रीने पेनल्टीवर केलेला. उरलेले पाच सामने त्याच्याविना झाले आणि त्यांत तीन गोल झाले. त्याच्या निवृत्तीनंतर पाचव्याच दिवशी दोह्यात कतारविरुद्ध विंगर (कडेने खेळणारा आघाडीपटू) छांगतेच्या गोलमुळे आपण ७३ व्या मिनिटापर्यंत आघाडीवर होतो. मग रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून कतारने केलेला गोल पंचांनी ग्राह्य धरला आणि विश्वचषक पात्रतेची वाट बंद झाली. कतारने त्या दिवशी तरुण संघ उतरवला होता हे खरं, आणि पाच सामन्यांत तीन गोल ही अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट नव्हेच. पण त्याच्या जाण्याने गोल आटले असं म्हणणाऱ्यांना हा हिशेब द्यावा लागेल. गोल आधीच आटले होते.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. छेत्री होता तोवर आपली मूठ झाकलेली होती. जुलै २०२३ मध्ये बंगळूरुत आपण दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकलो, छेत्रीने त्यात पाच गोल केले, पाकिस्तानविरुद्ध हॅटट्रिक केली आणि फिफाच्या क्रमवारीत आपण ९९ व्या स्थानी पोहोचलो. तेव्हा तो ३९ वर्षांचा व्हायला आला होता. देशाचा सगळ्यात भरवशाचा स्ट्रायकर चाळिशीला टेकलाय, ही धोक्याची घंटा आहे असं त्या जल्लोषात कोणी मोठ्याने म्हणालं नाही. तो निवृत्त झाला त्या दिवशी त्याच्यासोबत खेळणाऱ्या एकाही भारतीयाच्या नावावर दहा आंतरराष्ट्रीय गोल नव्हते. एकीकडे ९४ आणि त्याच्या मागे दहासुद्धा नाहीत. यात छेत्रीचा मोठेपणा दिसतोच, पण त्याच्या अवतीभवती वीस वर्षं काय घडत नव्हतं तेही दिसतं.

पूर्वी हे असं नव्हतं. आय. एम. विजयन हा आघाडीचा खेळाडू भरात असताना, १९९५ मध्ये भाईचुंग भुतिया संघात आला. दोघे काही वर्षं खांद्याला खांदा लावून खेळले. विजयनने २००३ मध्ये निरोप घेतला तोवर भुतिया तयार होऊन कर्णधारपदापर्यंत पोहोचला होता. छेत्रीचं पदार्पण २००५ चं, पाकिस्तानविरुद्ध क्वेट्टाला, आणि पहिल्याच सामन्यात गोल. पुढची सहा वर्षं तो भुतियाच्या बाजूला खेळला. १३ ऑगस्ट २००८ ला दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियममध्ये एएफसी चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात आपण ताजिकिस्तानला ४-१ असं हरवलं आणि २०११ च्या आशियाई चषकाचं तिकीट काढलं. त्या चारपैकी तीन गोल छेत्रीचे आणि एक भुतियाचा. दोन पिढ्या एकाच गोलफलकावर. दोह्यात तो आशियाई चषक सुरू झाला तेव्हा भुतिया दुखापतीने जवळजवळ पूर्ण स्पर्धा बाहेर बसला आणि छेत्रीने बहरीन आणि दक्षिण कोरियाविरुद्ध गोल केले. तिन्ही सामने आपण हरलो, पण भुतियानंतर कोण हा प्रश्न त्या स्पर्धेत कोणाला पडला नाही. उत्तर मैदानावर धावत होतं.

छेत्रीच्या बाजूला असा कोण होता? जेजे लालपेखलुआ होता काही वर्षं, २३ आंतरराष्ट्रीय गोल केलेला, अंगाने दणकट, खराखुरा सेंटर फॉरवर्ड. गुडघ्याने त्याचा घात केला. पुढे तो मिझोरामच्या विधानसभेत निवडून गेला. त्याच्यानंतर ती जागा कोणाची झालीच नाही.

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो. भारतीय फुटबॉलमध्ये नऊ नंबरची जागा, म्हणजे गोलच्या अगदी समोर उभं राहून शेवटचा फटका मारणाऱ्या माणसाची जागा, गेली कित्येक वर्षं भारतीयांसाठी राखलेलीच नाही. इंडियन सुपर लीग (आयएसएल) २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २०२४-२५ पर्यंतच्या अकरा हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. एलानो, कोरो, ओगबेचे, दियामंताकोस आणि २०२४-२५ मध्ये २३ गोल करणारा मोरोक्कोचा अलाएद्दीन अजारी, अशी ती यादी आहे. सुरुवातीला अकरांत सहा परदेशी चालत, मग पाच झाले, २०२१-२२ पासून चार. आकडा कमी होत गेला, पण क्लब ते चार कुठे वापरतात हे बदललं नाही. एक बचावाच्या मध्यभागी, एक-दोन मधल्या फळीत आणि एक हमखास सगळ्यात पुढे. भारतीय पोरगा वेगवान असेल तर त्याला उजव्या किंवा डाव्या कडेला पाठवायचं. धाव, क्रॉस टाक, परत येऊन बचावाला मदत कर.

म्हणूनच आपल्याकडे विंगर भरपूर आहेत. छांगते, लिस्टन कुलासो, विक्रम प्रताप, उदांता. मनवीर सिंगची उंची आणि ताकद पाहा, निसर्गाने त्याला नऊ नंबरसाठीच घडवलाय असं वाटावं. मोहन बागानमध्ये मात्र तो वर्षानुवर्षं उजव्या कडेला खेळत आला, कारण मधली जागा मॅक्लारेन, कमिंग्ज, पेत्रातोस यांच्यासारख्यांची होती, आणि हे तिघेही ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघातून खेळलेले आहेत. मग तोच मनवीर देशाकडून खेळायला येतो आणि त्याला सांगतात, आज मध्ये उभा राहा, पाठीवर बचावपटू घे, वळ आणि मार. वर्षातले वीस-बावीस सामने एक काम करणाऱ्या माणसाकडून आपण उरलेल्या सात-आठ सामन्यांत दुसरं काम मागतो, आणि त्याने संधी दवडली की त्याच्यावर तुटून पडतो. हा अन्याय आहे.

यातून छेत्रीही सुटला नव्हता. २०१७-१८ मध्ये बंगळूरु एफसीत व्हेनेझुएलाचा मिकू मध्ये खेळायचा आणि छेत्री डावीकडून आत यायचा. मिकूने १५ गोल केले, छेत्रीने १४. देशाचा सर्वोत्तम स्ट्रायकर स्वतःच्या क्लबात कडेला होता, आणि तो छेत्री होता म्हणून तिथूनही गोल करू शकला. बाकीच्यांना ते जमलं नाही यात नवल काय?

स्ट्रायकरचं काम असं असतं की ते फक्त करूनच येतं. चेंडू कुठे पडणार हे अर्धा सेकंद आधी कळणं, बचावपटूच्या खांद्याआडून एक पाऊल पुढे सरकणं, तीन संधी वाया गेल्यावर चौथीला हात-पाय न थरथरणं, हे सरावाच्या मैदानात शंकू मांडून शिकवता येत नाही. त्यासाठी सामन्यातली मिनिटं लागतात, खऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोरची, हरण्याची भीती असतानाची. आपण विंगरांना ती मिनिटं दिली आणि चांगले विंगर मिळवले. बचावपटूंना दिली आणि झिंगन, अन्वर, भेके मिळवले. स्ट्रायकरला दिली नाहीत.

यावर एक जोरदार आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. परदेशी स्ट्रायकर काही आयएसएलने आणले नाहीत. जुन्या राष्ट्रीय लीगमध्ये आणि आय-लीगमध्येही बरेतो, ओडाफा, रँटी मार्टिन्स गोल करतच होते. त्याच दिवसांत छेत्री घडला. मग आताच्या पोरांनी का घडू नये? माझं उत्तर असं की जुनी व्यवस्था चांगली होती असं मी म्हणतच नाही. १९९६-९७ च्या पहिल्या राष्ट्रीय लीगमध्ये सर्वाधिक गोल भुतियाचे होते, जेसीटी क्लबकडून; त्यानंतर ती वाट हळूहळू बंदच होत गेली. छेत्री त्या बंद होत चाललेल्या दारातून सुटलेला शेवटचा माणूस. त्याची शिस्त, त्याचं खाणं-पिणं, त्याची भूक सगळी असामान्य होती. व्यवस्थेची परीक्षा सामान्य गुणवत्तेच्या पोरावर होते. वीस वर्षांत एकच माणूस पार होत असेल तर ती वाट नसून भिंत आहे.

क्लबवाल्यांची बाजूही मला समजते. हरला की प्रशिक्षक जातो. एका हंगामाचा करार असलेला माणूस एकोणीस वर्षांच्या पोराला दहा सामने चुका करायला देणार नाही. त्याला मी दोष देत नाही. एकेका क्लबच्या चांगुलपणावर सोडून हे सुटणारं नाही, म्हणूनच ते भारतीय फुटबॉल महासंघाचं काम आहे.

आणि महासंघाने काय केलं? मार्च २०२५ मध्ये छेत्रीला परत बोलावलं.

त्या निर्णयाबद्दल बोलणं मला जड जातं. १९ मार्चला शिलाँगला त्याने मालदीवविरुद्ध डोक्याने ९५ वा गोल केला, आपण ३-० ने जिंकलो, नोव्हेंबर २०२३ नंतरचा तो पहिला विजय. मी घरात ओरडलो. डोळ्यांत पाणी आलं हेही सांगतो. त्या वेळचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांचीही अडचण खरी होती. ते एकाच वेळी एफसी गोवा आणि राष्ट्रीय संघ सांभाळत होते, आशियाई चषकाची पात्रता दारात होती, आणि त्या हंगामात आयएसएलमध्ये भारतीयांत सर्वाधिक गोल चाळीस वर्षांच्या छेत्रीचे होते. हंगामाअखेर त्याचे १४ झाले. प्रशिक्षकाने समोर आहे त्यातला सर्वोत्तम खेळाडू निवडला. पण सहा दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशविरुद्ध सामना गोलशून्य सुटला. जूनमध्ये हाँगकाँगने शेवटच्या क्षणाच्या पेनल्टीवर हरवलं. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरशी तिकडे १-१ आणि गोव्यात फातोर्ड्याला १-२. २०२७ च्या आशियाई चषकाची आशा तिथेच संपली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशने १-० ने हरवलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा. क्रमवारीत आपण १४२ वर गेलो. पात्रतेच्या त्या गटातल्या पहिल्या पाच सामन्यांत दोन गुण आणि दोन गोल, एक रहीम अलीचा, एक छांगतेचा.

छेत्री परतला म्हणून हरलो असं मी म्हणत नाही. तो परतल्यामुळे आणखी एक वर्ष प्रश्नाकडे पाठ फिरवता आली, एवढंच म्हणतो. ती मिनिटं त्याच्याऐवजी तिशीच्या आतल्या दोघा-तिघांना दिली असती तर कदाचित इतकेच वाईट निकाल लागले असते, पण त्या पराभवांतून हाती काहीतरी उरलं असतं.

स्वीडनचं उदाहरण इथे फार जवळचं वाटतं. झ्लाटान इब्राहिमोविच २०१६ च्या युरो स्पर्धेनंतर निवृत्त झाला. आता संपलं, असं सगळे म्हणाले. त्याच्याविना स्वीडनने प्ले-ऑफमध्ये इटलीला घरी बसवलं आणि २०१८ च्या विश्वचषकात गटात पहिलं येऊन उपांत्यपूर्व फेरी गाठली. गोल वाटले गेले, बचाव घट्ट झाला, कोणाकडे पाहून खेळायचं नाही हे ठरून गेलं. मग मार्च २०२१ मध्ये, ३९ व्या वर्षी, इब्राहिमोविच परतला. २०२२ च्या विश्वचषकाला स्वीडन पोहोचला नाही. शेवटच्या प्ले-ऑफमध्ये पोलंडकडून ०-२ ने हरताना तो बदली खेळाडू म्हणून मैदानावर होता. त्या अपयशाची आणखीही कारणं होती, आणि स्वीडनमध्ये मुळात पोरांना खेळायला जागा मिळते, आपल्याकडे मिळत नाही. हा फरक विसरता येणार नाही. पण गेलेला तारा परत आणून दिवस परत येत नाहीत, एवढं त्यातून नक्की दिसतं.

दिदिए द्रोग्बा ऑगस्ट २०१४ मध्ये आयव्हरी कोस्टच्या संघातून बाहेर पडला. त्याच्या सगळ्या वैभवाच्या काळात जो आफ्रिकी चषक हुकत राहिला, तो त्याच्या जाण्यानंतर सहा महिन्यांत देशाने घानाला पेनल्टींवर हरवून जिंकला. तिथे याया तुरे, जेर्विन्हो, बोनी असे मोठ्या लीगमध्ये दर आठवड्याला खेळणारे गडी होते. तारा गेला तेव्हा मागे आकाश शिल्लक होतं.

२०१४ चाच ब्राझील पाहा. कोलंबियाविरुद्ध नेमारच्या पाठीला दुखापत झाली आणि सारा देश शोकात बुडाला. बेलो हॉरिझोंतेला उपांत्य सामन्याआधी राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूंनी त्याची जर्सी हातात धरली होती. नंतर जर्मनीने सात गोल केले. सात गोल खाल्ले ते नेमार नव्हता म्हणून? त्या दिवशी बचावाचा कणा आणि संघाचा कर्णधार थियागो सिल्वा पिवळ्या कार्डांमुळे बाहेर होता. त्याची जर्सी कोणी धरली नव्हती. ताऱ्याच्या दुःखात खरं भगदाड कुठे आहे ते दिसेनासं होतं, हे त्या सामन्यात जितकं स्पष्ट दिसलं तितकं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आपणही छेत्रीची जर्सी हातात धरून उभे आहोत.

बाहेरून माणूस आणायचा मार्गही आता थोडा उघडलाय. बंगळूरु एफसीच्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारतीय पासपोर्ट घेतला. त्याच्या आईचं घराणं मुंबईचं. त्याच्या आधी जपानमधून आलेल्या अराता इझुमीनेही हेच केलं होतं. आपलं नागरिकत्व सोडून या देशाची जर्सी मागणाऱ्या माणसाचं मनापासून स्वागत. पण विल्यम्स तेव्हा ३२ वर्षांचा होता, आणि तोही मुख्यतः कडेनेच खेळणारा. दोन वर्षांची सोय होईल. वीस वर्षांची नाही.

मग करायचं काय? परदेशी खेळाडू बंद करा, असं मी म्हणणार नाही. त्यांच्यामुळे लीगचा दर्जा वाढला, आपले बचावपटू त्यांच्याशी झुंजूनच घडले. लीगमध्ये अमुक जागेवर भारतीयच खेळवा असा नियमही करता येत नाही, कारण जागा कागदावर एक असते आणि मैदानावर दुसरी. पण ड्युरंड चषक आणि सुपर कप या क्लबांच्या स्पर्धा आपल्या हातात आहेत. या दोन स्पर्धा फक्त भारतीय खेळाडूंच्या करा. ड्युरंड १८८८ पासून चालू आहे, त्याला वजन आहे, तिथे हरलं तर कोणाची नोकरी जात नाही आणि जिंकलं तर नाव होतं. प्रत्येक क्लबला महिना-दोन महिने नऊ नंबरवर आपलाच माणूस शोधावा लागेल. एवढ्या एका बदलाने दरवर्षी डझनभर पोरांना त्या जागेची खरी मिनिटं मिळतील.

दुसरं, इंडियन ॲरोज परत आणा. महासंघाचा हा तरुणांचा संघ २०१० मध्ये सुरू झाला, मध्ये बंद पडला, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकानंतर पुन्हा उभा राहिला आणि २०२२ मध्ये गुंडाळला गेला. त्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव आघाडीला खेळला होता, आणि त्या संघातली बरीच पोरं ॲरोजमधूनच पुढे गेली. जेजेही त्याच्या पहिल्या तुकडीतला. हा संघ खूप हरायचा. हरण्यासाठीच तो होता. ज्याला खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याची भीती नाही आणि ज्यात परदेशी स्ट्रायकर नाही असा एक संघ देशाला परवडला पाहिजे. तो बंद करणं ही माझ्या मते गेल्या काही वर्षांतली सगळ्यात मोठी चूक.

तिसरी गोष्ट फार सविस्तर सांगायची गरज नाही, ती सगळ्यांना दिसते. लीग वेळेवर भरली पाहिजे. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा हंगाम लांबणीवर टाकला गेला, कारण लीग चालवणाऱ्या कंपनीशी महासंघाने २०१० मध्ये केलेला १५ वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचं काही ठरलं नव्हतं. नव्या हक्कांसाठी निविदा काढली, एकही बोली आली नाही. काही क्लबांनी सराव थांबवला, पगार रोखले. त्या महिन्यांत खालिद जमील राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. मुंबईच्या मैदानांवर खेळलेला, आयझॉलसारख्या छोट्या क्लबला २०१७ मध्ये आय-लीग जिंकून देणारा माणूस, तेरा वर्षांत पहिला पूर्णवेळ भारतीय प्रशिक्षक. त्यांच्या हातात काय दिलं आपण? ज्यांच्या पायांना सामन्यांची सवय उरली नव्हती असे खेळाडू. ढाक्यातल्या हारेवर जमील यांना धारेवर धरण्याआधी हे आठवावं.

आणि राज्यांच्या संघांचा संतोष करंडक. २०२४ च्या डिसेंबरात बंगालच्या रोबी हांसदाने त्या स्पर्धेत १२ गोल केले, केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोलही त्याचाच. देशात गोल करणारी पोरं जन्मतच नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी ही स्पर्धा एकदा पाहावी. प्रश्न बारा गोलनंतर सुरू होतो.

आपल्याच महिला संघाकडेही बघायला हरकत नाही. २०२५ च्या जून-जुलैत थायलंडमध्ये त्यांनी चार सामन्यांत २४ गोल करून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. मंगोलियाविरुद्धचे १३ बाजूला ठेवू, तो संघ कच्चा होता. पण शेवटच्या सामन्यात यजमान थायलंडला २-१ ने हरवताना दोन्ही गोल मधल्या फळीतल्या संगीता बासफोरने केले. एका नावाकडे डोळे लावून तो संघ बसला नव्हता.

पुरुष संघाचं पुढे काय होईल, हे मला विचारलं तर स्पष्ट सांगतो. पुढची दोन-तीन वर्षं आपण हरणार आहोत. मोठी स्पर्धा समोर नाही, क्रमवारी आणखी घसरेल, आणि प्रत्येक पराभवानंतर कोणीतरी छेत्रीचा जुना गोल दाखवून उसासा टाकेल. ती वर्षं मी वाया गेलेली मानणार नाही, जर त्यात दोन-तीन स्ट्रायकरना सलग पंधरा-वीस सामने मिळाले. रहीम अलीने सिंगापूरविरुद्ध ९० व्या मिनिटाला गोल केला. त्याला पुढच्या तीन सामन्यांत गोल झाला नाही म्हणून बाकावर बसवू नका, एवढंच मागणं आहे.

३० नोव्हेंबर २०२५ ला अहमदाबादेत आपल्या सतरा वर्षांखालच्या पोरांनी इराणला २-१ ने हरवलं. एका गोलने मागे पडून हरवलं. इराणला, ज्यांच्याकडून तीनच महिन्यांपूर्वी मोठा संघ ०-३ ने हरला होता. त्या विजयाने ही पोरं त्यांच्या वयोगटाच्या आशियाई चषकाला पोहोचली. २०२८ मध्ये ती अठरा-एकोणीस वर्षांची असतील. त्यांच्या आघाडीच्या पोरांपैकी एखाद्याला कुठला तरी क्लब करारबद्ध करेल, पहिल्या सरावाला त्याला मैदानावर बोलावेल आणि प्रशिक्षक त्याला उभं राहायची जागा दाखवेल. तो हात कडेकडे जातो की मध्यभागी, हे मला बघायचंय.